धनपालला खाली पाठवलं तेव्हा

“अण्णा, धनपाल?” मी विचारलं. “नक्की धनपाललाच?”

लॅपटॉपच्या पडद्यावरचा बाण धनपालच्या नावावर थरथरत उभा होता. माउसवर अण्णांचा डावा हात होता. उजवा मांडीवर, सकाळी मी ठेवला होता तसाच. बारा वाजत आले होते आणि बाराच्या आत आमच्या संघातले बदल खेळ चालवणाऱ्या मुजावरकडे पोचायला हवे होते.

“चला,” अण्णा म्हणाले.

त्याचा अर्थ ‘हो’ असू शकत होता. ‘नाही’ही असू शकत होता, किंवा ‘पाणी दे’. पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून त्यांच्या सगळ्या बोलण्यातून एवढा एकच शब्द उरला होता. जन्मभर मैदानावर पोरींना हाकताना वापरलेला. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, “ते मान हलवतील त्यावर विसंबू नका. ‘हो’ म्हणायचं असताना ‘नाही’ची मान हलते. बोटाने काही दाखवलं तर ते बघत जा. आत किती समजतंय, ते आज कोणीच छातीठोक सांगू शकणार नाही.”

अण्णा, म्हणजे मगदूम सर, सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. मुलींना सॉफ्टबॉल शिकवता शिकवता त्यांना बेसबॉलचं वेड लागलं. निवृत्तीनंतर गुडघे गेले, मैदान सुटलं, तेव्हा सलीम मुजावरने त्यांना हा कॉम्प्युटरवरचा खेळ आणून दिला. सलीम लहानपणी संध्याकाळी मैदानावर अण्णांकडे यायचा. आता त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने आठ जणांची लीग जमवली. आठ संघ, आठ मॅनेजर. बॅट कोणी हातात घ्यायची नाही. कोणाला मुख्य संघात ठेवायचं, कोणाला खाली दुय्यम संघात पाठवायचं, खालून कोणाला वर आणायचं, एवढंच मॅनेजरने ठरवायचं. सामने कॉम्प्युटर खेळायचा. दर रविवारी बारा वाजता मुजावर खेळ एक आठवडा पुढे सरकवायचा आणि आठही घरांत निकाल दिसायचे.

खेळाडू सगळे काल्पनिक. कॉम्प्युटरने दिलेली परदेशी नावं कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून ज्याने त्याने आपापल्या खेळाडूंची बारशी केली होती. धनपाल हा अण्णांचा पहिला पिचर, चेंडू फेकणारा. संघ उभा राहिला तेव्हापासून त्यांच्याकडे होता. खेळातल्या वयाने आता छत्तिशीचा, पण त्याच्या तोडीचा पिचर अजून लीगमध्ये दुसरा नव्हता.

आणि अण्णा त्याला खाली पाठवत होते.

तरुण खेळाडूला खाली पाठवलं तर हवा तेव्हा परत बोलावता येतं. मुरलेल्याचं तसं नाही. त्याला आधी बाकीच्या सातांसमोर खुला करावा लागतो. बुधवार संध्याकाळपर्यंत कोणीही त्याला उचलू शकतो, आणि त्याच्या पगाराचा बोजाही मग त्यानेच घ्यायचा. कोणीच उचलला नाही तरच तो आपल्या दुय्यम संघात येतो. धनपालला कोणी उचलणार नाही हे शक्यच नव्हतं.

मी एक युक्ती केली. “तुमचा हात थकलाय, मी करते,” म्हणत माउस घेतला आणि धनपालच्या खालच्या रायाप्पावर बाण नेला. रायाप्पा हा एक म्हातारा राखीव गडी होता. तो गेला असता तरी कोणाला पत्ता लागला नसता.

अण्णांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातात त्यांच्या अजून चेंडू फेकणाऱ्याची ताकद होती. मला दुखलं.

“चला!” ते ओरडले. “चला, चला, चला!”

स्वयंपाकघरातून दादा धावत आला. “काय झालं?”

“काही नाही,” मी म्हणाले, आणि धनपालच्या नावावर बटण दाबलं.

अण्णांनी मनगट सोडलं आणि डोळे मिटून मान मागे टाकली. दादाने पडद्यावर वाचलं. खेळ त्यालाही ठाऊक होता. दिवाळीला यायचा तेव्हा तो अण्णांशेजारी बसून निकाल बघायचा.

“धनपालला सोडलं?” तो हळूच म्हणाला.

मी माउस बाजूला ठेवला.

माझा भाऊ अभिनंदन बंगळुरूला असतो. आदल्या दिवशी तो आला होता आणि पुढच्या रविवारी अण्णांना घेऊन जायचं ठरवूनच आला होता. त्याच्या घराजवळ अशा रुग्णांसाठी एक मोठं केंद्र होतं. त्याने तिथे बोलून ठेवलं होतं, झोपून जाता येईल अशी गाडी सांगून ठेवली होती. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी कोल्हापूरला एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि अण्णा आजारी पडल्यापासून रजा काढून सांगलीत होते.

चहा ओतता ओतता दादा म्हणाला, “आता तरी पटलं का तुला?”

“काय पटायचं?”

“पद्मा, शुद्धीवर असलेला माणूस धनपालला सोडेल? स्वतःच्या पोरांपेक्षा त्याचं कौतुक जास्त होतं त्यांना.”

“मी रायाप्पावर बाण नेला तर ओळखलं त्यांनी. लगेच.”

“हट्ट करणं म्हणजे समजणं नव्हे. माझा निखिल दोन वर्षांचा असताना हातातला चमचा बदलला तरी ओळखायचा.” त्याने कप माझ्याकडे सरकवला. “मला काय आनंद होतोय का त्यांना घरातून उचलून न्यायला? पण तू किती दिवस रजेवर राहणार? डॉक्टरांनी ते मिरजेचं केंद्र सांगितलं होतं, तेही तू धुडकावलंस.”

“त्यांना घर सोडून कुठेही जायचं नाहीये.”

“त्यांनी सांगितलं तुला?”

“मला कळतं.”

“मग विचारून बघ त्यांना. हो म्हणाले तरी ‘चला’, नाही म्हणाले तरी ‘चला’.”

हे सगळं आम्ही स्वयंपाकघरात बोलत होतो. दार उघडं होतं आणि अण्णांची खुर्ची तिथून हाकेच्या अंतरावर होती. कालपासून आम्ही असंच बोलत होतो, ते तिथे नसल्यासारखं.

दुपारी मुजावरचा फोन आला. अण्णांना ऐकू जावं म्हणून मी स्पीकर लावला.

“ताई, सरांच्या हातून चुकून झालं ना?”

“चुकून नाही झालं, सलीमभाई. त्यांनीच केलं.”

तो खूप मऊ आवाजात म्हणाला, “असू दे. काळजी करू नका. मी सगळ्यांना फोन केले. धनपालला कोणी हात लावणार नाही. रेठरेकर जरा कुरकुरले, पण तेही कबूल झाले. बुधवारी धनपाल सरांच्याच दुय्यम संघात येईल, पुढच्या आठवड्यात त्याला वर घेऊन टाका. सरांना सांगा, आम्ही सगळे आहोत.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “कसे आभार मानू तुमचे—”

धाडकन आवाज झाला. अण्णांनी लॅपटॉप डाव्या हाताने आपटून बंद केला होता. चेहऱ्याची एक बाजू लालबुंद झाली होती, दुसरी तशीच थंड. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा पेला ढकलला. तो खाली पडून फुटला.

रात्री ते जेवले नाहीत. मी भाताचा घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटायचे.

“बघ,” दादा काचा गोळा करता करता म्हणाला. “स्वतःच सोडला, आणि परत मिळतोय तर चिडतात. याला काय म्हणायचं?”

खरं सांगायचं तर त्या रात्री पहिल्यांदा मला वाटलं, दादाचंच बरोबर आहे.

सोमवारीही तेच. अण्णा माझ्याकडे बघेनात. औषधाच्या गोळ्या घेतल्या, पण भिंतीकडे तोंड करून. दादा फोनवर बंगळुरूशी बोलत होता. कुठल्या मजल्यावरची खोली, नर्सला कन्नड सोडून काय येतं, असली चौकशी. अण्णांच्या कपड्यांची बॅग त्याने काढून दिवाणाखाली ठेवली. ती अण्णांना खुर्चीतून सरळ दिसत होती.

मंगळवारी सकाळी मी त्यांची दाढी करत होते. साबण लावलेला असताना त्यांनी माझा हात धरला आणि लॅपटॉपकडे बोट केलं.

मी तो उघडला. त्यांनी माझं बोट पकडून पडद्यावर टेकवलं. दुय्यम संघाच्या यादीत वरच दोन नावं होती, सोमा आणि भैरू. दोघं विशीतले पिचर. अण्णांनी माझं बोट सोमावर ठेवलं, मग भैरूवर, मग वरच्या दिशेने नेलं.

“यांना वर घ्यायचंय?”

“चला.”

मी सोमाला वर घ्यायचं बटण दाबलं. कॉम्प्युटरने नकार दिला: संघाच्या पगाराची मर्यादा ओलांडली जाते. भैरूला घेऊन पाहिलं. तोच नकार. मला वाटलं आता ते पुन्हा चिडतील. पण ते शांत होते. त्यांनी माझं बोट धरून खुल्या खेळाडूंच्या पानावर नेलं, धनपालच्या नावावर टेकवलं, आणि पडद्याच्या बाहेर ओढलं. पार टेबलाच्या कडेपर्यंत.

मग माझ्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांची नजर तशी मी मैदानावर पाहिली होती, एखाद्या मुलीला तीच गोष्ट तिसऱ्यांदा समजावताना.

धनपालचा पगार सगळ्या संघात मोठा होता. कोणी त्याला उचललं तरच तो बोजा जाणार होता. दुय्यम संघात परत आला तर पगार आपल्याच माथी, आणि सोमा-भैरू खालीच. मुजावरने सगळ्यांना फोन करून त्यांच्यावर दया केली होती, आणि त्या दयेने त्यांचा डाव मोडला होता.

“अण्णा,” मी म्हणाले, “तुम्हाला तो जायलाच हवाय. कोणीतरी न्यायला हवाय.”

त्यांनी माझ्या हातातला वस्तरा हळूच बाजूला सारला आणि साबणाच्या गालासकट कपाळ माझ्या खांद्याला टेकवलं.

मी तशीच उठून मुजावरला फोन लावला. “सलीमभाई, सगळ्यांना सांगा, नेहमीसारखं खेळा. ज्याला धनपाल हवा त्याने न्यावा.”

“ताई, तुम्हाला कल्पना आहे का? धनपाल गेला तर सरांचा संघ तळाला जाईल. लोक म्हणतील, आजारी माणसाला लुटलं.”

“लुटू द्या.”

“मला नाही जमणार असं सांगायला.”

“मग त्यांना खेळातून काढून टाका,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. “त्यांच्याशी खेळायचं नसेल तर तसं सांगा. खेळायचं असेल तर खेळा.”

“सांगतो,” तो शेवटी म्हणाला.

दादा दारात उभा होता. “हे काय नवीन?”

मी त्याला पडदा दाखवला, दोन पोरांची नावं दाखवली, पगार समजावून सांगितला. त्याने ऐकून घेतलं.

“हे तू शोधलंस,” तो म्हणाला. “त्यांनी बोट ठेवलं, अर्थ तू लावलास. पद्मा, मलाही असंच वाटावंसं वाटतं. पण वाटण्यावर चालत नाही.”

“आणि कोणी धनपालला नेला तर?”

“तर त्यांचा सगळ्यात चांगला खेळाडू गेला, एवढंच सिद्ध होईल.”

बुधवारी संध्याकाळी आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसलो होतो. दादा पेपर वाचतोय असं दाखवत होता. मुदत संपत आली तरी धनपालच्या नावापुढची जागा रिकामीच होती. अण्णांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळलेला. माझ्या मनात आलं, लाज. सगळ्यांना लाज वाटतेय. आजारी माणसाच्या पुढ्यातलं ताट ओढायला कोण पुढे येणार?

मग नाव उमटलं. बापू रेठरेकर.

रेठरेकर म्हणजे हळदीचे अडते. मार्केट यार्डात त्यांची मोठी पेढी होती. अण्णांशी त्यांचं पहिल्या मोसमापासून हाडवैर. लीगमध्ये दोघं नेहमी वरखाली असायचे आणि रविवारी निकाल लागला की फोनवर तासभर एकमेकांना टोमणे मारायचे. झटक्यानंतर त्यांनी फोन केला नव्हता. भेटायलाही आले नव्हते.

अण्णांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला. मी घाबरून वळले. ते हसत होते. अर्धंच तोंड हसत होतं, पण हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदा.

मी सोमाला वर घेतलं, भैरूला वर घेतलं. या वेळी कॉम्प्युटरने काही आडकाठी केली नाही. दादाने पेपरची घडी घातली आणि आत गेला. पण गुरुवारी त्याने गाडीवाल्याला फोन करून रविवारची वेळ पक्की केली, तेही मी ऐकलं.

रविवारी गाडी तीन वाजता यायची होती. बॅग दारापाशी आली होती. मी अण्णांना स्वच्छ सदरा घातला, तेव्हा त्यांनी बॅगेकडे पाहिलं आणि मग लॅपटॉपकडे.

“बघू दे त्यांना आजचा निकाल,” दादा म्हणाला. “मग निघू.”

बारा वाजता निकाल आले. आमचा सामना आम्ही हरलो होतो. सोमाने मार खाल्ला होता, पण भैरूने शेवटचे गडी झटपट बाद केले होते. अण्णांनी त्याच्या आकड्यांवर बोट फिरवलं, खूश दिसले. मी रेठरेकरांचा सामना उघडला. दुसऱ्याच डावात एक लाल ओळ होती: धनपालच्या कोपराला गंभीर दुखापत, उरलेला मोसम बाद.

“अरे देवा,” दादा म्हणाला.

अण्णांकडे पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते, एखाद्या संत माणसासारखे.

अर्ध्या तासात खाली स्कूटर थांबली आणि जिना दणदणत बापू रेठरेकर वर आले. साठी उलटलेले, अंगावर हळदीचा वास, घामाने पाठ भिजलेली. दादाने दार उघडलं तर त्याला बाजूला सारून ते थेट अण्णांच्या खुर्चीसमोर उभे राहिले.

“मास्तर! उभा चिरलात की मला!”

“जरा हळू बोला,” दादा म्हणाला. “ते आजारी आहेत.”

“आजारी? ह्यो मानूस आजारी?” रेठरेकरांचा आवाज शेजारपाजारी सगळ्यांना ऐकू गेला असणार. “चार सामन्यांपासनं त्याचा वेग थोडाथोडा उतरायलाय, ते ह्यांनी बगितलं! म्या न्हाई बगितलं! धनपाल म्हटल्यावर बगतंय कोण? म्हटलं मास्तरांचं डोस्कं गेलं, आपून हात मारावा. सगळ्यांनी मला शिव्या घातल्या की राव, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंस म्हणून! आणि ह्यांनी मला मोडका हात गळ्यात बांधला. पगारासकट! आता आख्खा मोसम ह्याला पोसायचा म्या!”

“चला,” अण्णा म्हणाले.

“चला काय चला? तुमाला ठावं होतं! खरं सांगा, ठावं होतं का न्हवतं?”

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. मग डाव्या हाताची तर्जनी स्वतःच्या डोळ्याखाली ठेवून पापणी किंचित खाली ओढली. म्हणजे, मी बघत होतो, तू झोपला होतास.

रेठरेकर खुर्चीत धपकन बसले. बराच वेळ धापा टाकत राहिले. मग त्यांनी रुमालाने तोंड पुसलं, आणि मला दिसलं की ते नुसता घाम पुसत नव्हते.

“म्या आलो न्हाई भेटायला,” ते अण्णांना म्हणाले, आवाज एकदम खाली. “सगळे म्हणत हुते, मास्तर आता वळखत न्हाईत. मला ते बगवलं नसतं.” आणि दादाकडे वळून म्हणाले, “पानी द्या की कुनीतरी.”

दादाने पाणी आणून दिलं. रेठरेकर गेले तरी तो तांब्या हातात घेऊन तिथेच उभा होता. मग त्याने तांब्या ठेवला, खुर्ची ओढली आणि अण्णांच्या अगदी समोर बसला. झटक्यानंतर दादा त्यांच्या नजरेला नजर देऊन बसलेला मी पहिल्यांदा पाहत होते.

“अण्णा,” तो म्हणाला. “मी तुम्हाला बंगळुरूला नेणार होतो. विचारलं नाही. आता विचारतो.”

त्याने मोबाइलवर बंगळुरूच्या केंद्राचा फोटो उघडून तो टेबलावर ठेवला. शेजारी आमच्या घराची किल्ली ठेवली. मग खिशातून मिरजेच्या केंद्राचं कार्ड काढून तिसरं ठेवलं. “डॉक्टरांनी सांगितलेलं हेही असू दे,” मला म्हणाला. “तिन्ही त्यांच्यापुढे हवेत.”

मी निश्चिंत होते. आठवडाभर ज्यासाठी भांडले ते झालं होतं. आता ते किल्लीवर बोट ठेवतील, दादा गाडी परत पाठवेल, आणि मी संध्याकाळच्या स्वयंपाकाला लागेन.

अण्णांनी तिन्हीकडे पाहिलं. घाई केली नाही. मग बोट मिरजेच्या कार्डावर ठेवलं.

“नाही, अण्णा,” मी म्हणाले. “हे मिरजेचं. आपलं घर हे.” मी तिन्ही वस्तूंच्या जागा बदलल्या, किल्ली त्यांच्या हाताजवळ ठेवली.

त्यांनी किल्ली ओलांडून कार्ड उचललं.

“त्यांना कळलं नाहीये. दादा, पुन्हा विचार. नीट विचार.”

“पद्मा,” दादा म्हणाला, “आता तू म्हणतेस त्यांना कळत नाही?”

“का?” मी अण्णांना विचारलं. “मी आहे ना इथे. मी नीट करते ना सगळं?”

अण्णांनी टेबलावरचा माझा मोबाइल उचलला. तो माझ्या छातीला टेकवला. मग त्याच हाताने गॅलरीकडे बोट केलं, आणि तिथून पुढे, कोल्हापूरच्या दिशेला.

“काय म्हणतायत?” दादाने विचारलं.

“शुक्रवारी मी ऑफिसला फोन केला होता. गॅलरीतून. नोकरी सोडते म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, सोमवारपर्यंत पक्कं कळवा.”

“मला बोलली नाहीस.”

“कोणालाच नाही. अण्णा झोपले होते.”

अण्णांनी मान हलवली. कुठल्या बाजूला, ते आता आठवत नाही, आणि त्याने काही बिघडतही नाही. मोबाइल अजून त्यांनी माझ्या छातीशी धरून ठेवला होता. मी तो हातात घेईपर्यंत त्यांनी हात खाली केला नाही.

ती गाडी बंगळुरूऐवजी मिरजेला गेली. मी सोमवारी साहेबांना फोन केला आणि बुधवारी कोल्हापूरला कामावर रुजू झाले. दुधाचा एकच नमुना दोन-दोनदा तपासायची. डोळ्यांपुढे सारखं तेच यायचं: अनोळखी खोली, अनोळखी नर्स, आणि हाक मारायला एकच शब्द असलेले अण्णा. सहकारी विचारायच्या, वडील कसे आहेत, तर मी “बरे आहेत” म्हणून तोंड फिरवायची. डबा उघडायची आणि तसाच बंद करायची.

रविवारी सकाळी मी दुधातल्या दशम्या केल्या, शेंगांची चटणी मऊ कुटली, आणि दहाच्या गाडीने मिरज गाठली. वाटेत दोनदा ठरवलं की त्यांना घेऊनच परतायचं.

केंद्राच्या व्हरांड्यातच मला आरडाओरडा ऐकू आला. नर्स कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “मगदूम तुमचे का? सांगा जरा त्यांच्या लोकांना. बाकीचे पेशंट तक्रार करतात.”

खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मुजावर लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगाच्या पायथ्याशी बसला होता. आणखी तिघं मॅनेजर भिंतीला टेकून उभे होते. एकुलत्या खुर्चीत रेठरेकर होते आणि भैरू त्यांना विकावा म्हणून अण्णांच्या नाकासमोर हात नाचवत होते. अण्णा उशीला टेकून बसले होते, सदऱ्याची बटणं चुकीची लागलेली, आणि रेठरेकरांना अशा तुच्छतेने नकार देत होते की त्याला शब्दाची गरज नव्हती.

त्यांना मी दिसले. चेहरा उजळला. मी डबा वर करून दाखवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि डाव्या हाताने मला व्हरांड्यातला बाक दाखवला. बारा वाजायला आले होते.

मी बाहेर जाऊन बाकावर बसले. आत रेठरेकर पुन्हा सुरू झाले होते, मुजावर सगळ्यांना गप्प करत होता, नर्स दार लावून घेत होती. मी डबा उघडला. दशमी अजून ऊन होती. मी चटणीबरोबर एक खाल्ली, मग दुसरी खाल्ली. आठवडाभर मला भूक अशी लागलीच नव्हती.